दीड मीटरच्या आत

"उद्या दुपारी दोन वाजता मला गुन्हेगार ठरवणार आहेत," झिन्तले फदाना म्हणाली आणि समोरच्या खुर्चीत बसायचंही विसरली.

टेम्पल्टन ग्वाव्हूच्या हातातला गरम ग्विन्या, तेलात तळलेला पिठाचा गोळा, तोंडापाशीच थांबला. तीस वर्षं पोलिसात हवालदारी केलेला माणूस तो. गुन्हेगार पुष्कळ पाहिले होते, पण स्वतःहून वेळ सांगणारा एकही नव्हता.

"आधी बस, पोरी," टेबलामागून बाई म्हणाल्या. "टेम्पल्टन, तो ग्विन्या एकदाचा खाऊन टाक, नाहीतर तिला दे."

बाईंचं नाव नोक्वेझी म्जोली. पण इमोंतीत त्यांना नावाने हाक मारतो कोण! भेले कुळातली लेक म्हणून अख्ख्या शहराला त्या माभेले. बावीस वर्षं कामगार खात्यात कारखाने तपासले, वरच्या साहेबांशी भांडून नोकरी सोडली आणि बंदराजवळ एका शवपेट्यांच्या दुकानावर खोली घेऊन खाजगी तपासाचा धंदा मांडला. टेम्पल्टन त्यांची गाडी चालवायचा, वही लिहायचा आणि बाकी वेळ त्यांची बोलणी खायचा.

झिन्तले बसली. एकोणतीस-तीस वर्षांची, कामाचा निळा कोट अजून अंगात. डोळे सुजलेले होते, पण आवाज ठाम होता.

"मी म्झामो कारखान्यात तंत्रज्ञ आहे. मोटारींच्या सीटा बनवतो आम्ही. माल न्यायला चालक नसलेल्या गाड्या आहेत. प्रत्येक गाडीच्या तोंडाशी, घोट्याच्या उंचीवर, लेझर स्कॅनर असतो. ठरलेल्या अंतराच्या आत कुणाचा पाय आला की गाडी आपोआप ब्रेक मारते. ते अंतर ठरवायचं काम माझं."

"ज्या गाडीचं हे प्रकरण आहे, तिला किती ठेवलं होतंस?"

"तीन नंबर. दीड मीटर."

"कसं काढलंस?"

झिन्तलेने पाठ असल्यासारखं सांगितलं, "गाडी सेकंदाला एक मीटर वीस सेंटिमीटर जाते. पाय दिसल्यापासून ब्रेक धरेपर्यंत सेकंदाचे चार दशांश जातात. तेवढ्यात गाडी अठ्ठेचाळीस सेंटिमीटर पुढे. मग पूर्ण ओझ्यासकट थांबायला आणखी बहात्तर. झाले एकशे वीस. वर तीस हाताशी राखून ठेवले."

"हिशोब चोख आहे," माभेले म्हणाल्या. "मग बिघडलं कुठे?"

"गुरुवारी सकाळी म्खुसेली द्यान्त्यी काका तिथे झाडत होते. गाडी थांबता थांबता त्यांच्यावर गेली आणि त्यांचा पाय खांबाला दाबला गेला. गुडघ्याखाली कापावा लागला, माभेले."

टेम्पल्टनने ग्विन्या कागदात गुंडाळून ठेवला.

"शुक्रवारी सरकारी तपासनीस आले," झिन्तले पुढे म्हणाली. "त्यांनी पूर्ण ओझं घालून गाडी पळवली. थांबली बरोबर एकशे वीसमध्ये! म्हणजे दीड मीटर पुरायलाच हवं होतं. आता सुरक्षा अधिकारी पिल्ले म्हणतात, अपघाताच्या वेळी अंतर कमी असणार. मीच कधीतरी कमी केलं आणि अपघात झाल्यावर लॅपटॉप लावून परत दीड मीटर केलं. पासवर्ड माझ्या एकटीकडे. आणि लॅपटॉप मी खरंच लावला होता, गाडीची नोंद उतरवून घ्यायला. शुक्रवारच्या फेरीची नोंद तपासनिसांसमोर पुन्हा उतरवली."

"यंत्रात बदलाची तारीख राहत नाही?" टेम्पल्टनने विचारलं.

"राहते, काका. पण ती लॅपटॉपच्या घड्याळावरून पडते. आणि लॅपटॉप माझाच."

"बरी अडकलीस," टेम्पल्टन पुटपुटला.

"नोकरी जाईल, परवाना जाईल, पोलिसही येतील. ते सगळं सोसेन. पण म्खुसेली काका आमचे शेजारी आहेत. मला सायकल त्यांनी शिकवली. आणि शनिवारी हॉस्पिटलात गेले तर आतून निरोप आला, ज्या पोरीने माझा पाय नेला तिचं तोंड मला दाखवू नका." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "मी चुकले असेन तर मला सांगा, माभेले. नसेन तर त्यांना सांगा."

माभेले उठल्या. त्यांनी छत्री काढली, टोपी घातली.

"गाडीची ती नोंद आणलीयस? दे टेम्पल्टनकडे. आणि उद्या दोन वाजेपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नकोस, देव जरी खाली उतरून सांगायला आला तरी."

*

सुरक्षा अधिकारी देशिगन पिल्ले हा शिडशिडीत, इस्त्रीतला माणूस. खिशात तीन पेनं आणि तिन्ही चालू. तो त्यांना दुरुस्ती खात्यात घेऊन गेला. तिथे तीन नंबरची गाडी उभी होती, लांबलचक आणि बुटकी, टेबलाएवढ्या उंचीची.

"अपघातानंतर वीस मिनिटांत गाडी इथे ओढून आणली आणि मी स्वतः सील लावलं," पिल्ले म्हणाला. "शुक्रवारी तपासनिसांसमोर उघडलं. मग पुन्हा लावलं. हे पाहा नंबर. जुळतात."

"सील कशाकशाला?"

"स्कॅनरला आणि विजेच्या पेटीला. छेडछाड करायची तर तिथेच करणार ना!"

"आणि शुक्रवारी काय काय तपासलं?"

"स्कॅनर, ब्रेक, ओझं, फरशी. सगळं जागच्या जागी. म्हणून तर म्हणतो, हात माणसाचाच आहे."

"आणि रोजची तपासणी?"

"रोज सकाळी मी. गाडी चार्जरपासून सुटली की समोर काळा दांडा धरतो. दोन पावलं चालते न चालते तोच थांबते. चार वर्षांत एकदाही चुकली नाही."

टेम्पल्टन तोवर गुडघ्यावर बसून गाडी पाहत होता. त्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चोरीच्या गाड्या तपासायची जुनी सवय.

"बाई, हिची चाकं माझ्या बुटांच्या टाचांसारखी झिजलीयत. आणि इथे कडेला दोन ओरखडे आहेत. एक वर, काळपट, जुना. दुसरा त्याच्याखाली दोन बोटांवर, चकचकीत."

"चार्जरचे पितळी दात घासतात तिथे," पिल्ले घाईने म्हणाला. "गाडी रोज चार्जरला टेकते. ओरखडे असणारच."

"चार्जर कधी वरखाली केलात?"

"तो फरशीत बोल्ट मारून बसवलाय, मॅडम. कोण हलवणार?"

"लिहून घे, टेम्पल्टन," माभेले म्हणाल्या.

टेम्पल्टनने लिहिलं. मग झिन्तलेचा कागद काढून म्हणाला, "पिल्ले साहेब, गाडीचा रस्ता मध्ये बदलला होता का? मार्चपर्यंत एका फेरीला चारशे बारा मीटर. मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून तीनशे त्रेचाळीस. आणि शुक्रवारी परत चारशे बारा."

"रस्ता फरशीवर रंगवलेला आहे. चार वर्षांत हललेला नाही. नोंदणीचं यंत्र बिघडलं असेल." पिल्लेने घड्याळ पाहिलं. "माझं त्या मुलीशी वैर नाही. पण एका माणसाचा पाय गेलाय आणि मला उत्तर द्यायचंय."

परतताना टेम्पल्टन कुजबुजला, "बाई, हाच. इतका धुतलेला माणूस मला कधीच आवडला नाही."

"तुला इस्त्री आवडत नाही. तो गुन्हा नव्हे."

*

दुरुस्ती खात्याचा फोरमन मोंदे सोपोतेला याने त्यांना बसायलाही सांगितलं नाही. अंगाने आडवा, आवाज ढोलासारखा.

"चौकशी, चौकशी! चार दिवस हेच चाललंय. यंत्र चाललं तर साहेबांचं, बिघडलं तर सोपोतेलाचं."

"तुमच्यावर कुणी आळ घेतलाय?" माभेलेंनी शांतपणे विचारलं.

"अजून नाही. पण शेपूट सापडलं नाही की गाढवाचे कान धरायचे, ही इथली रीत आहे."

"तीन नंबरच्या गाडीवर शेवटचं काम कधी केलंत?"

सोपोतेलाने तेलकट वही पुढे ढकलली. मार्चच्या दोन तारखेला लिहिलं होतं, पुढे ढकलणारी चाकांची जोडी बदलली, नवी बसवली.

"नवी चाकं आली कुठून?"

"वरून. डब्यात. आम्हाला डबा मिळतो, आम्ही बसवतो. काढलेलं सामान त्या फळीवर, सहा महिने. नियम आहे." त्याने बोट दाखवलं.

फळीवर जुने पट्टे, बेअरिंगं, तारा, प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. एका जागी फक्त चिठ्ठीच पडली होती. टेम्पल्टनने वाचली, 'तीन नंबर, जुनी चाकं.' खाली चाकं नव्हती, धुळीत दोन गोल डाग तेवढे होते.

"कुणी भंगारात टाकली असतील," सोपोतेला खांदे उडवून म्हणाला. "गुरुवारपासून मला त्या गाडीजवळ फिरकू दिलेलं नाही. माझ्याच खात्यात मीच परका!"

*

उत्पादनप्रमुख लुंगिसिले मांजेझी मात्र दारापर्यंत सामोरे आले. साठीला टेकलेले, केस पांढरे. त्यांनी स्वतः चहा ओतला, टेम्पल्टनला तीन चमचे साखर लागते हेही न विचारता ओळखलं.

"झिन्तलेला मीच इथे घेतलं," ते म्हणाले. "पोर हुशार आहे. तिला पाना धरायला मी शिकवलं. मीही फिटरच होतो ना, तीस वर्षांपूर्वी. आता खुर्चीत बसून बसून हात मऊ पडलेत."

"तिचं म्हणणं खरं वाटतं तुम्हाला?"

मांजेझींनी सुस्कारा सोडला. "खरं-खोटं देव जाणे. माणूस आहे, चुकतो. मी तिला तेच सांगितलं, बाळ, कबूल कर, नकळत झालं म्हण, पुढचं मी सांभाळून घेतो."

"गाड्या सावकाश चालतात अशी तक्रार होती म्हणे."

"होती की! आम्ही सीटा वेळेत दिल्या नाहीत तर दुसरी उत्पादन-रांग दुसऱ्या शहरात जाणार होती. दोनशे माणसं घरी बसली असती. मी झिन्तलेला म्हटलं, गाडीचा वेग वाढव. ती म्हणाली, वेग वाढवला तर अंतर वाढवावं लागेल, आणि अंतर वाढवलं तर त्या अरुंद वाटेतले खांबच स्कॅनरला दिसत राहतील, गाडी जागोजाग थांबेल. मी म्हटलं, बरं बाई, राहिलं."

"आणि रांग?"

"राहिली इथेच. एप्रिलमध्ये करार झाला. सगळ्यांनी जरा जास्त रेटलं, दुसरं काय!"

बाहेर पडल्यावर टेम्पल्टन म्हणाला, "देवमाणूस. असा साहेब मला मिळाला असता तर मी इन्स्पेक्टर झालो असतो."

"तू चहावर विकला जातोस," माभेले म्हणाल्या. "चल, आता ज्यांना कुणी काही विचारलेलं नाही त्यांच्याकडे."

*

शिवणाच्या रांगेत चौदा बायका सीटांची कव्हरं चढवत होत्या आणि गात होत्या. सगळ्यांत पुढे होती नोन्त्साफो ग्खोयी, भरदार अंगाची, डोक्याला पिवळा रुमाल. हात आणि तोंड दोन्ही सारख्याच वेगाने चालणारी बाई.

"गाता रोज?" माभेलेंनी विचारलं.

"रोज म्हणजे? आमचं घड्याळच ते! गाडी कापडखात्यातून सुटली की घंटी होते. घंटीवर आम्ही गाणं उचलतो. तिसरं कडवं संपलं की गाडी त्या खांबाशी. मग आम्ही हात पुसायचे आणि माल उतरवायला तयार. वर मान करून बघायचीसुद्धा गरज नाही."

"अजूनही तसंच?"

नोन्त्साफो ओशाळली. "आता काय सांगू? वय झालं आमचं. मार्चपासून गाणं रेंगाळायला लागलंय. तिसरं कडवं अर्ध्यावर असतं तोच गाडी खांबाशी हजर! मी पोरींना कितीदा झापलं, अगं मेल्यांनो, मयताला आल्यासारख्या गाऊ नका, उचला जरा! पण गाणं काही जुळेना."

"आणि म्खुसेली?"

तिचे डोळे भरले. "तो बिचारा तीन महिने गावी होता, त्सोलोला, आजारी भावाजवळ. सोमवारी रुजू झाला आणि गुरुवारी हे. तोही आमच्या गाण्यावरच झाडायचा. दुसरं कडवं संपलं की खांबापाशी शिरायचा, तिसरं संपायच्या आत बाहेर. चार वर्षं तसंच चाललं होतं."

टेम्पल्टनने मान हलवत लिहून घेतलं. गाणं आणि गाडीचा काय संबंध, हे त्याला कळेना, पण बाईंच्या कपाळावरची आठी गेलेली त्याने पाहिली. आठी गेली म्हणजे गाडं मार्गी लागलं, एवढं त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

"अपघातानंतर काय केलंत?"

"गेटपाशी प्रार्थना. बारा ते एक, सगळा कारखाना. काम बंद, आत चिटपाखरू नाही. सोपोतेलाने पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणं सांगितलं, काय आवाज आहे मेल्याचा! पिल्ले साहेब अगदी पुढे उभे, टोपी हातात. झिन्तले माझ्या खांद्यावर रडत होती."

"आणि मांजेझी साहेब?"

नोन्त्साफोने ओठ मुडपले. "सांगू नये, पण सांगते. प्रार्थना सरता सरता आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. हात ओले! संत्र्याच्या साबणाचा वास. अहो, आपल्यात हात कधी धुतात? माणूस पुरून परत आलं की, फाटकातल्या पाण्याने. जिवंत माणसासाठी प्रार्थना चाललीय आणि हा कुळामुळाचा म्हातारा ओल्या हातांनी येतो! आम्हा सगळ्या बायकांच्या काळजात चर्र झालं. त्यांनी माझा हात धरायला हात पुढे केला, मी नाही धरला."

"छान केलंस," माभेले म्हणाल्या. "हे उद्या दोन वाजता परत सांगशील?"

"चौकात उभी राहून सांगेन!"

*

मंगळवारी दोन वाजता सभेच्या खोलीत डायरेक्टर रुलाशे मधोमध बसले. एका बाजूला पिल्ले कागद लावून, दुसऱ्या बाजूला मांजेझी, दाराशी सोपोतेला हाताची घडी घालून. झिन्तले समोर एकटी. माभेलेंनी नोन्त्साफोला आपल्या शेजारी बसवलं.

"म्जोली बाई, तुम्हाला दहा मिनिटं," रुलाशे म्हणाले.

"पुरतील. पिल्ले साहेब म्हणतात, अंतर कमी केलं आणि परत वाढवलं. कारण काय, तर शुक्रवारी गाडी वेळेत थांबली, गुरुवारी थांबली नाही. म्हणजे मध्ये काहीतरी बदललं. इथवर ते बरोबर आहेत. पण ते सगळे त्या दीड मीटरकडेच बघत बसले. मी म्हणते, दीड मीटर दीड मीटरच होतं. बदलली ती गाडी."

"ब्रेक, ओझं, सगळं तपासलंय," पिल्ले म्हणाला.

"वेग तपासलात?"

"वेग गाडी स्वतः मोजते. एक मीटर वीस. नोंदीत आहे."

"कशी मोजते? चाकाचे फेरे मोजून. टेम्पल्टन, पोराची सायकल आणि तुझी सायकल. दोघांनी पायडल सारखंच फिरवलं तर पुढे कोण?"

"मी," टेम्पल्टन म्हणाला. "माझं चाक मोठं." आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"चाक मोठं! गाडीला वाटतं आपण रोजच्याच वेगाने चाललोय, फेरे तेवढेच आहेत. प्रत्यक्षात ती जास्त पळतेय. स्कॅनरला पत्ता नाही, ब्रेकला पत्ता नाही, झिन्तलेला पत्ता नाही. आणि सकाळच्या तपासणीत गाडी दोनच पावलं चालते, तेव्हा वेग मुळात नसतोच. आता पुरावा ऐका. फेरी चारशे बारा मीटरची. मार्चपासून नोंद तीनशे त्रेचाळीस. रस्ता आखडला नाही, चाक वाढलं. तेवढ्याच रस्त्याला फेरे कमी लागले. भागून पाहा, चाक एकपंचमांशाने मोठं आहे."

पिल्लेने खिशातलं पेन काढलं. थोडा वेळ नुसता खरखराट ऐकू आला.

"वीस सेंटिमीटरच्या चाकाऐवजी चोवीसचं," माभेले म्हणाल्या. "चाक चारने वाढलं की गाडी दोनने उचलली जाते. चार्जरचे दात जागेवर, गाडी वर, म्हणजे ओरखडा दोन सेंटिमीटर खाली पडणार. टेम्पल्टनने तो पाहिला, दोन बोटं खाली, चकचकीत. आणि तिसरी साक्ष या बायकांची. नोन्त्साफो, तुझं गाणं रेंगाळलं नव्हतं गं. गाडी पळत होती. तीन कडव्यांचा रस्ता ती अडीच कडव्यांत कापत होती."

"अगं बाई!" नोन्त्साफोने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "आणि मी पोरींना शिव्या घातल्या!"

"इथे सगळ्यांनी आपल्या घशाला दोष दिला, गाडीकडे कुणी पाहिलं नाही. म्खुसेली तर तीन महिने नव्हताच. तो जुन्या हिशोबाने खांबापाशी शिरला. त्याच्याकडे एक अख्खं कडवं होतं, मिळालं अर्धं."

"पण दीड मीटर?" रुलाशे पुढे झुकले.

"झिन्तले, सांग."

झिन्तले उभी राहिली होती. कधी उठली, तिचं तिलाही कळलं नसावं. "वेग एक मीटर चव्वेचाळीस," ती हळूहळू म्हणाली. "ब्रेक धरेपर्यंत अठ्ठावन्न सेंटिमीटर. आणि थांबायला... वेग वाढला की थांबायचं अंतर नुसतं तेवढंच वाढत नाही, पटीची पट होते. बहात्तरचे एकशे चार. मिळून एकशे बासष्ट." ती थांबली. "राखलेले तीसही गेले. वर बारा सेंटिमीटर."

"त्या बारा सेंटिमीटरमध्ये म्खुसेलीचा पाय होता," माभेले म्हणाल्या.

सोपोतेला दाराशी गुरगुरला, "चाकं मी बसवली. पण आईशपथ, मला..."

"तुम्ही बसवलीत आणि वहीत लिहिलीत. लपवणारा माणूस लिहीत नाही. मार्चमध्ये नवी चाकं, मग आज गाडीला झिजलेली कशी? फळीवरची जुनी जोडी गेली कुठे? परत गाडीखाली! सील स्कॅनरला होतं, विजेच्या पेटीला होतं, चाकांना नव्हतं. गुरुवारी बारा ते एक आत कुणी नव्हतं. सोपोतेला गाणं सांगत होते, पिल्ले साहेब पुढे उभे होते, झिन्तले हिच्या खांद्यावर होती. उशिरा आला एकच माणूस. हात ओले, आणि फिटर वंगण काढायला वापरतात त्या संत्र्याच्या साबणाचा वास. आपल्या रीतीत वाढलेला म्हातारा जिवंत माणसाच्या प्रार्थनेला हात धुऊन जात नाही. गेला, कारण न धुता गेला असता तर काळ्या वंगणाचे हात सगळ्यांना दिसले असते. सोपोतेला, नव्या चाकांचा डबा तुम्हाला कुणी दिला?"

सोपोतेलाने मांजेझींकडे पाहिलं. "साहेबांनी," तो म्हणाला. "म्हणाले, कंपनीकडून आलीयत, झिन्तलेला माहीत आहे."

टेम्पल्टनला कालचा चहा आठवला आणि त्याने वहीत मान घातली.

मांजेझींनी टेबलावरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. "दोनशे घरं," ते म्हणाले. "दोनशे घरांच्या चुली चालू ठेवल्या मी. कुणाला काही होणार नाही असं वाटलं होतं. हिने तीस सेंटिमीटर राखलेत, तेवढ्यात भागेल, असं धरून चाललो."

"ते तीस तुमचे नव्हते," झिन्तले म्हणाली. ती रडत होती, पण शब्द स्पष्ट होते. "फरशी ओली असेल, ब्रेक झिजला असेल, म्हातारा माणूस पाय उचलायला वेळ लावेल, त्याच्यासाठी होते ते. तुम्हीच मला शिकवलंत, साहेब, की राखीव अंतर कुणाच्या बापाचं नसतं! आणि वर मला म्हणालात, कबूल कर?"

मांजेझींनी मान खाली घातली. "चाकं माझ्या कपाटात आहेत," ते एवढंच म्हणाले. "गेटवर डिकी तपासतात, बाहेर नेता आली नाहीत."

पिल्ले उठला, कपाटाची किल्ली घेतली आणि जाता जाता झिन्तलेपाशी थांबला. "मी सील चुकीच्या जागी लावलं," तो म्हणाला. "माफ कर, असं म्हणणं थोडंच होईल. लेखी देतो."

रुलाशेंनी कपाळ पुसलं. पोलिसांना फोन झाला, मांजेझींना शेजारच्या खोलीत बसवलं, झिन्तलेवरचा कागद फाडला. मग त्यांनी लगेच दुसरा पुढे केला.

"मिस फदाना, मग प्रश्नच मिटला. गाडीला आता मूळचीच चाकं आहेत. रांग गुरुवारपासून अडलीय. एवढी सही करा, तीन वाजता गाडी सुरू करू."

झिन्तलेने कागद वाचला. पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"नाही. चाकं झिजलीत. आधी नवी येऊ देत, खरी. मग मी गाडी रिकामी पळवणार, भरून पळवणार, ओल्या फरशीवर पळवणार. प्रत्येक वेळी फरशीवर फुटपट्टी लावणार, गाडीच्या नोंदीवर विश्वास ठेवणार नाही. अंतर नव्याने काढणार. चारही गाड्यांचं. दोन दिवस लागतील."

"दोन दिवस? अहो, करार..."

"दोन दिवस, साहेब."

सोपोतेला दारातून पुढे आला आणि तिच्या मागे उभा राहिला. नोन्त्साफोने कमरेवर हात ठेवले. "तोवर माल आम्ही ढकलू," ती म्हणाली. "हात आहेत ना आम्हाला."

रुलाशेंनी एकेकाकडे पाहिलं आणि कागद मागे घेतला.

टेम्पल्टनने वही मिटली. त्याला वाटलं, झालं काम. पण माभेले अजून नोन्त्साफोकडेच पाहत होत्या. ती खिडकीशी जाऊन फोनवर कुणाला तरी भराभर सांगत होती, चाकं, गाणं, अडीच कडवी, सगळं एका श्वासात. मग तिने पलीकडचं ऐकून घेतलं आणि फोन झिन्तलेसमोर धरला.

"म्खुसेली आहे. तुझ्याशी बोलायचंय म्हणतो."

झिन्तलेने फोन घेतला. पलीकडचा खरखरीत आवाज टेम्पल्टनलाही ऐकू आला.

"झिन्तले? रडू नको. मी उगाच बोललो गं पोरी. ये इकडे. आणि येताना आमासी, आपलं घट्ट आंबवलेलं दूध, घेऊन ये, थंडगार, मोठा डबा. इथलं दूध माणसाने प्यावं असं नाही."

"आणते, काका," झिन्तले म्हणाली. "आत्ता निघते."